स्लिप पातळ झाली म्हणून खूश होऊ नका: स्प्रे ड्रायरच्या आधीच्या या चुका टाळा

टाइलच्या कारखान्यात माती आणि पाण्याचा दळलेला घोळ, म्हणजे स्लिप, गरम हवेत फवारून त्याची कोरडी भुकटी करणारं यंत्र म्हणजे स्प्रे ड्रायर. त्याचं फवारणीचं नोझल तुंबायला लागलं की सगळे नोझलवरच तुटून पडतात. काढा, धुवा, बदला. दोष बहुतेक वेळा मागच्या, स्लिपच्या टाकीत असतो.

सगळ्यात महागात पडते ती पाण्याची चूक. स्लिप जड, म्हणजे घट्ट, वाटली की कुणीतरी नळ सोडतो. 65 टक्के घन असलेल्या स्लिपमध्ये 100 किलो कोरड्या मालामागे सुमारे 54 किलो पाणी असतं, 60 टक्क्यांना 67 किलो. हे जादा 13 किलो गॅस जाळूनच उडवावं लागतं. शिवाय पातळ स्लिपमध्ये साका लवकर बसतो.

जडपणा उतरवायचा तो सोडियम सिलिकेट किंवा एसटीपीपी (सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट) या औषधानं. मातीच्या कणांवर सारखाच विद्युतभार आला की ते एकमेकांना दूर लोटतात आणि स्लिप वाहती होते. पण मात्रा वाढत गेली की वाहतेपणाचं टोक येतं. त्यापुढे जादा सोडियममुळे ते लोटणंच कमजोर होतं आणि स्लिप पुन्हा जड होते. ऑपरेटरला वाटतं औषध कमी पडलं, तो आणखी ओततो! म्हणून आधी लहान नमुन्यात थोडं थोडं घालून फोर्ड कपचे सेकंद (तळाला भोक असलेल्या या कपातून स्लिप वाहून जायला लागणारा वेळ) लिहा आणि टोकाच्या जरा अलीकडेच थांबा. नमुना अर्धा तास स्थिर ठेवून पुन्हा मोजा. ताजी स्लिप छान वाहते, उभी राहिली की थिजते, आणि पंपाला नेमकी तीच मिळते.

उन्हाळ्यात बोअरचं पाणी सुरू झालं की जुनी मात्रा चालेलच असं नाही. पाण्यातलं कॅल्शियम कणांच्या गुठळ्या करतं.

चाळणीवरचा रेसिड्यू, म्हणजे न दळलेला जाड माल, वाढला तर मिलमधले दळणारे गोटे झिजलेत का बघा. दुप्पट जाडीचा कण साध्या पाण्यात चौपट वेगानं खाली जातो. दाट स्लिपमध्ये वेग मंदावतो, पण आधी तळ गाठतो तो जाड कणच.

वीज गेल्यावर एजिटेटर, म्हणजे टाकीतला ढवळणारा पंखा, बंद राहिला असेल तर लगेच पंप लावू नका. वरचा आणि तळाचा नमुना घेऊन डेन्सिटी जुळते का पाहा. मग टाकीत बांबू घाला. वर नितळ पाणी आणि खाली मऊ लगदा असेल तर औषध कमी पडलंय किंवा पाणी कठीण आहे. वर गढूळ आणि बांबू तळाशी ठक्‌ करून थांबला, तर औषध जास्त झालंय. तो साका ढवळून सहसा उठत नाही, खरवडावा लागतो.