पन्नाशीनंतर माणसांच्या कथा सांगणारी छायाचित्रे काढायची असतील तर

एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला तो १८६३ च्या डिसेंबरात, आणि तेव्हा त्यांचे वय ४८ होते. कोलकात्यात जन्मलेल्या या बाईंनी इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या आपल्या घरी कोंबड्यांचे खुराडे रिकामे करून तिथे स्टुडिओ थाटला आणि घरच्या मोलकरणीपासून चार्ल्स डार्विनपर्यंत अनेकांना कॅमेऱ्यासमोर बसवले. निवृत्तीनंतर मी या कामाकडे वळलो तेव्हा त्यांच्या उदाहरणाने मला फार धीर दिला. या कलेला लागणारे मुख्य भांडवल म्हणजे समोरच्याचे बोलणे घाई न करता ऐकणे, आणि ते आपल्या वयात विकत आणावे लागत नाही.

साधनांवर फार वेळ घालवू नये. वजनाला हलका मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आणि ३५ किंवा ५० मिलिमीटरची एक लेन्स पुरते. चाळिशी लागलेल्यांनी मात्र व्ह्यूफाइंडरशेजारची, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीजवळची, डायऑप्टरची (डोळ्याच्या नंबराप्रमाणे आतले चित्र स्पष्ट करणारी) लहान चकती आधी फिरवून आतले आकडे स्पष्ट दिसतील अशी लावून घ्यावी; ते न केल्यामुळे पहिले काही महिने मी धूसर दिसण्याचा दोष लेन्सला देत होतो.

कथा चेहऱ्याइतकीच हातांत, अवजारांत आणि मागच्या भिंतीवर असते. आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध शिंप्याचे पहिले छायाचित्र मी एफ/१.८ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र खूप मोठे उघडून काढले. चेहरा सुरेख आला, पण मागच्या फळीवरच्या मापांच्या वह्या, ज्यांच्या पानापानाला गिऱ्हाइकाच्या कापडाचा तुकडा टाचलेला होता, त्या पार विरघळून गेल्या आणि ते दुकान कुणाचेही असू शकले असते. तेव्हापासून मी छिद्र लहान करून एफ/४ ते एफ/५.६ च्या दरम्यान राहतो, म्हणजे मागचेही बऱ्यापैकी स्पष्ट येते; शटर १/१२५ सेकंदापेक्षा मंद करत नाही आणि उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १६०० पर्यंत निःसंकोच वाढवतो. दुकानातली ट्यूब मालकाला विचारून बंद करावी, कारण दाराच्या उजेडात तिचा उजेड मिसळला की त्वचेवर हिरवट झाक येते. सावलीची बाजू फार काळी पडत असेल तर तिकडे थर्माकोलचा पांढरा तुकडा धरावा.

पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतून काढूच नये, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकन छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स यांनी १९४२ मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन यांना अमेरिकेच्या झेंड्यापुढे झाडू आणि पोछा देऊन उभे केले, पण त्याआधी त्यांच्या आयुष्याची सारी हकिकत ऐकून घेतली होती, आणि नंतरही ते त्यांच्या घरी जाऊन छायाचित्रे काढत राहिले. ‘तुमच्याबद्दल काही सांगा’ म्हटले की माणूस गप्प होतो. ‘हे मशीन दुकानात कधी आले?’ असे विचारले की तो बोलू लागतो.

कॅमेरा दिसताच आपल्याकडची माणसे केस सारखे करून ताठ बसतात. ते छायाचित्र आनंदाने काढावे, कारण ते त्यांना घरी दाखवायचे असते. त्यानंतर कॅमेरा डोळ्यापासून न हलवता थांबावे. आमच्या शिंप्याने असाच ताठ बसून फोटो काढून घेतला, मग बोटात पुन्हा अंगुस्तान चढवले आणि सुईत दोरा ओवण्यासाठी ती दाराकडे धरून डोळे बारीक केले. मला हवे होते ते छायाचित्र हेच.

सोबतचा मजकूर चार-पाच ओळींचाच, शक्यतो त्यांच्याच शब्दांत लिहावा, त्यांना वाचून दाखवावा, आणि कुठेही प्रसिद्ध करण्यापूर्वी स्पष्ट परवानगी घ्यावी. छापील प्रत स्वतः नेऊन द्यावी. मी ती द्यायला गेलो तेव्हा शिंप्याने गल्ल्याखालून एक जुनी वही काढली आणि माझ्याच वडिलांच्या सदऱ्याचे माप उघडून दाखवले. कॅमेरा घरी राहिला होता. प्रत द्यायला जातानाही तो बरोबर असावा.