कॅन्सरची फाइल मोबाइलवर: कागद सोपे, सीडी अवघड

‘सगळ्या कागदांचे फोटो काढून ठेवा’ हा सल्ला देणाऱ्याला एकदा परळच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या ओपीडीत उभं करायला हवं. आईच्या वेळी मी तेच केलं होतं. डॉक्टरांनी बायॉप्सीचा रिपोर्ट मागितला आणि मी गॅलरीत भाचीच्या बारशाचे फोटो सरकवत बसलो.

फोटो नको, फोनमधल्या स्कॅनरने पीडीएफ करा. नाव ‘2024-03-18 बायॉप्सी’ असं, वर्ष आधी. म्हणजे फाइली आपोआप तारखेने लागतात. तारीख तपासणीची घाला, स्कॅन केल्याची नव्हे.

आता सीडी. पेट-सीटी किंवा एमआरआयचा छापील रिपोर्ट म्हणजे एका डॉक्टरचं वाचन. दुसऱ्या डॉक्टरांना गाठ आधीपेक्षा वाढली की आटली हे ताडून बघायला मूळ प्रतिमा लागतात. फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला फोटो कुचकामी. सीडीत डायकॉम, म्हणजे स्कॅनच्या प्रतिमांच्या खास प्रकारच्या, शेकडो फाइली असतात, नावं बघून काही कळत नाही. मी त्यातली बरी दिसणारी एक उचलली होती. शेजारच्या काकांनी स्क्रीनशॉट काढले होते. दोन्ही फुकट.

सीडी ड्राइव्ह कुणाकडून तरी मागून आणा आणि अख्खी सीडी जशीच्या तशी एका फोल्डरमध्ये उतरवा. आतल्या एकाही फाइलचं नाव बदलू नका. फोल्डरची झिप करा. मग सीडी बाहेर काढून, दुसऱ्या कॉम्प्युटरवर डायकॉम व्ह्यूअरमध्ये (अशा फाइली दाखवणारं सॉफ्टवेअर) ती झिप सोडवून उघडून बघा. हे मी हट्टाने सांगतो, कारण आमची एक सीडी चक्क कोरी निघाली. पाकिटावर आईचं नाव, आत काही नाही, आणि कळलं तीन महिन्यांनी. तेव्हापासून सीडी हातात पडली की काउंटरवरच म्हणतो, ‘उघडून दाखवा.’ तोंडं वाकडी होतात, होऊ देत.

मग एक पानाचा गोषवारा: निदान, स्टेज, ऑपरेशनची तारीख, अ‍ॅलर्जी, ब्रेस्टचा असेल तर ईआर, पीआर, हर-टू (गाठीच्या तपासणीत येणारे तीन निकाल, उपचार त्यावर ठरतात). रेडिएशनचे एकूण ग्रे (ग्रे म्हणजे डोसचं एकक). केमोच्या औषधांची नावं डोससकट लिहा, ‘सहा केमो झाल्या’ एवढं पुरत नाही. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे आयुष्यभरात मिळून किती गेलं त्याचा हिशेब ठेवावा लागतो.

चौदा आकडी आभा नंबर (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) जरूर काढा, पण जुने कागद त्यात आपोआप येतील या भरवशावर राहू नका.

कागद रद्दीत घालू नका. बायॉप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक (यांत गाठीचा तुकडा जपलेला असतो) तर मोबाइलवर येतच नाहीत. दुसरं हॉस्पिटल हमखास तेच मागतं. ते कुठल्या लॅबमध्ये आहेत आणि ब्लॉकचा नंबर काय, हे गोषवाऱ्यातच लिहून ठेवा.