पक्षाघाताचा रुग्ण घरी आणताना: सांभाळणाऱ्याची तयारी

डिस्चार्जची तारीख कळली की सगळे पलंग, कमोडची खुर्ची, एअर बेड यांच्या मागे लागतात. ते पुण्यात भाड्यानं मिळतं, एका दिवसात होतं. त्याआधी कागदावर रात्रींची वाटणी करा: कोणत्या वारी कोण जागणार, नावासकट. पेशंट घरात आल्यावर ही वाटणी होत नाही. जो पहिल्या रात्री जागतो तोच पुढे जागत राहतो, आणि बहुतेक घरांत ती बायको किंवा सून असते.

वॉर्डमधून निघण्याआधी नर्ससमोर सगळं स्वतःच्या हातानं करून बघा. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, गुडघे वाकवून, आपली कंबर सांभाळून उठवायचं कसं. लुळा हात धरून कधीही ओढायचं नाही, खांदा निसटतो. सदरा घालताना आधी लुळा हात, काढताना तो शेवटी. गिळता येतं का, हे स्पीच थेरपिस्टकडून तपासून घ्या. भरवताना ताठ बसवा, जेवणानंतरही अर्धा तास आडवं करू नका. पाणी पिताना ठसका लागत असेल तर तोंडानं देणं थांबवून डॉक्टरांना विचारा. कारण नसताना रडू किंवा हसू फुटतं, तेही मेंदूच्या इजेमुळे असू शकतं. हे आधी माहीत असलं की तुमच्या मनाला कमी लागतं.

आपल्याकडे पुण्यात दुरुस्तीसाठी वीज किंवा पाणी बंद राहण्याचा वार बहुधा गुरुवार. एअर बेडचा पंप विजेवर चालतो, लिफ्टही. त्यामुळे बुधवारी रात्री पाणी भरून ठेवा आणि फिजिओची वेळ गुरुवारी घेऊ नका. पेशंटच्या मदतीला ठेवलेली मावशी गणपतीला, दिवाळीला गावी जाणारच, आणि तो तिचा हक्क आहे. बदली बाई महिनाभर आधी ठरवा.

"काही लागलं तर सांगा," असं म्हणणाऱ्यांना खरंच सांगा. भेटायला संध्याकाळी पाचला बोलवा, तासभर पेशंटजवळ बसवा आणि तुम्ही सारसबागेत चक्कर मारून या. यात कसलाही अपराध नाही. तुमच्या बीपीच्या गोळ्या वेगळ्या रंगाच्या डबीत ठेवा, पण वेळ पेशंटच्या गोळ्यांचीच, म्हणजे चुकणार नाहीत. फारच कोंडल्यासारखं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.

फाइलमध्ये डिस्चार्ज कार्ड, औषधांची यादी आणि आधारची प्रत ठेवा. पेन्शन असेल तर नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्यासाठी घरी माणूस येईल का, हे बँकेत आत्ताच विचारा.

फ्रिजवर मोठ्या अक्षरांत रुग्णवाहिकेचा नंबर १०८ लिहा. पुन्हा तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं तर 'शेवटचे ठीक कधी दिसले' ती वेळ लगेच लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि डॉक्टर ते तास त्या वेळेपासून मोजतात. हे मावशीलाही सांगून ठेवा, कारण त्या वेळी घरात कदाचित तीच असेल.