नेट स्लो आहे, पण नेमकं कुठे? राउटर आणि लाइनची घरच्या घरी तपासणी

मोबाइलवर स्पीड टेस्ट घेतली, २०० च्या प्लॅनवर ३८ आले आणि लगेच कस्टमर केअरला फोन लावला, तर उत्तर ठरलेलं: "राउटर बंद करून चालू करा." त्या ३८ मध्ये वायफाय, राउटर, केबल आणि बाहेरची लाइन, सगळ्यांचीच कसर एकत्र धरलेली असते. म्हणून एकेक टप्पा वेगळा मोजायचा.

सुरुवात वायरने करा. लॅपटॉप राउटरच्या लॅन पोर्टला जोडा, त्याचं वायफाय बंद करा, घरातले टीव्ही आणि फोटोंचे बॅकअप थांबवा. विंडोजमध्ये नेटवर्क सेटिंग्जमधल्या इथरनेटखाली लिंक स्पीड दिसतो. तो १०००/१००० हवा. १००/१०० दिसला तर राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्टच तेवढा असेल, नाहीतर केबल खराब आहे. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात. क्रिंप करताना (केबलच्या टोकाला प्लग बसवताना) एक तार नीट बसली नाही की लिंक गुपचूप १०० वर उतरते. नेट चालूच राहतं, त्यामुळे शंकाही येत नाही. मोठ्या प्लॅनवर टेस्ट दर वेळी ९४-९५ ला अडकत असेल तर दोष बहुधा इथेच आहे.

आता स्पीड टेस्ट. एकदा सकाळी, एकदा रात्री नऊच्या सुमारास, दर वेळी निदान तीनदा. ॲप बऱ्याचदा तुमच्याच कंपनीचा सर्व्हर निवडतं, म्हणजे मोजमाप कंपनीच्या अंगणातच संपतं. दुसऱ्या कंपनीचा मुंबई-पुण्यातला सर्व्हर निवडूनही बघा. कंपनीच्या सर्व्हरवर २०० आणि बाहेर ४० आले, तर तुमचा राउटर निर्दोष आहे. शिवाय प्लॅनचे आकडे मेगाबिटमध्ये असतात. २०० च्या प्लॅनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त २५ मेगाबाइटने उतरणार, त्यात फसवणूक नाही.

स्पीड भरपूर असूनही मीटिंगमध्ये आवाज तुटतो, तेव्हा पिंग, म्हणजे डेटाचं छोटं पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, बघावा लागतो, आणि लोक नेमकं हेच टाळतात. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला (बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि दुसरीत ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) सतत पिंग लावा. वायरवर राउटरचं उत्तर एक मिलिसेकंदाच्या आसपास यायला हवं. तिथेच पॅकेट हरवत असतील तर केबल किंवा राउटर बदलायला झाला. पहिली खिडकी स्वच्छ आणि दुसरीत शंभरातले दोन-तीन हरवतात, तर दोष बहुधा लाइनचा.

पिंग चालू असतानाच मोठी फाइल डाउनलोडला लावा, मग अपलोडला. ८.८.८.८ चा आकडा १५ वरून ३०० वर उडाला तर पॅकेट रांगेत तुंबतायत. राउटरमध्ये क्यूओएस (स्पीडला मर्यादा घालण्याची सोय) असेल तर डाउनलोड आणि अपलोड, दोन्ही मर्यादा मोजलेल्या स्पीडच्या ८५-९० टक्के ठेवा. स्वस्त राउटरचा प्रोसेसर कधीकधी एवढ्यानेच दमतो आणि एकूण स्पीडच पडतो. मग सेटिंग काढा, बॅकअप रात्री लावा.

वायरवर सगळं ठीक निघालं तरच वायफायकडे वळा. ज्या खोलीत त्रास होतो तिथून राउटरला पिंग करा आणि वायफाय ॲनालायझर ॲपमध्ये सिग्नल बघा. उणे ५० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं एकक) उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निभावतो, उणे ७५ च्या खाली हाल. शोकेसमध्ये टीव्हीमागे ठेवलेला राउटर आणि मधे लोखंडी कपाट असेल तर सेटिंगशी झटापट करण्यात अर्थ नाही, जागा बदला. फ्लॅटमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांची गर्दी असते. तिथे चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी कमी गर्दीचा घ्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. लॅपटॉप आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर न्या.

लाइनवर संशय असेल तर फायबरच्या डब्याच्या स्टेटस पानावर आरएक्स पॉवर (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद) बघा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम चांगलं, उणे २७ च्या पलीकडे लाइन कधीही पडेल. कारण बहुधा कपाटामागे दुमडलेली फायबर किंवा मळलेला कनेक्टर असतो. कनेक्टर काढून आत डोकावू नका, लेझर डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो. त्याच पानावर अपटाइमही (डबा सलग किती वेळ चालू आहे) असतो. वीज न जाता तो सारखा शून्यावर येत असेल तर आधी १२ व्होल्टचा ॲडॅप्टर बदलून बघा.

तक्रार करताना वायरवरच्या टेस्टचे वेळेसह स्क्रीनशॉट, दोन्ही पिंग आणि आरएक्स पॉवर एकत्र पाठवा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) मागून घ्या. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील विभागाकडे जाता येतं, आणि तिथे तो नंबर विचारतात.