लेकींसाठी सणाचे कपडे घरी शिवताना या चुका टाळा

थोरलीसाठी गडद लाल मखमलीचा फ्रॉक शिवून मी तो खिडकीपाशी टांगला, तेव्हा त्याचा पुढचा भाग गर्द लाल आणि पाठ फिकट, थोडी चकाकणारी दिसू लागली. कापड एकाच ठाणातले होते आणि शिवणही कुठे वाकडी गेली नव्हती. फक्त कापड वाचवण्याच्या नादात पाठीचा तुकडा मी उलट्या टोकाने ठेवून बेतला होता. शिवताना झालेली चूक उसवून सुधारता येते, पण बेतताना झालेली चूक नवे कापड आणल्याशिवाय सहसा सुटत नाही. मुलींचे सणाचे कपडे बिघडतात ते बहुधा मशीनवर बसण्यापूर्वीच, म्हणून या लेखात कात्री लावण्याआधीच्या कामांना जागा अधिक दिली आहे.

वयावरून नाही, अंगावरून माप

नमुन्याच्या कागदावर 'वय पाच वर्षे' असे लिहिलेले असले, की आपली मुलगी पाच वर्षांची आहे एवढ्यावर समाधान मानण्याचा मोह होतो. एकाच वयाच्या दोन मुलींच्या अंगलटीत पुष्कळ फरक असतो, त्यामुळे नमुना छातीच्या मापावरून निवडावा आणि उंची नंतर कमी-जास्त करावी. याउलट, लांबी पाहून मोठ्या मापाचा नमुना घेतला, तर खांदे दंडावर उतरतात आणि गळा पसरतो. हा दोष नंतर झाकता येत नाही. विणलेल्या, न ताणणाऱ्या कापडाच्या फ्रॉकला छातीच्या मापावर ६ ते ८ सेंटीमीटर सैलपणा पुरतो.

लहान मुलींची कंबर शोधणे हे एक वेगळेच काम आहे, कारण तीन-चार वर्षांच्या मुलीला कंबर अशी नसतेच. एक अरुंद इलॅस्टिक पोटाभोवती बांधून तिला दोन-चारदा वाकायला आणि उड्या मारायला सांगावे; ते जिथे स्थिरावेल तीच तिची कंबर समजावी आणि मानेच्या मागच्या हाडापासून तिथपर्यंत पाठीची उंची मोजावी. या वयात पोट पुढे आलेले असते, त्यामुळे अंगात घातल्यावर फ्रॉकची पुढची कड वर उचलली जाते आणि मागची खाली लोंबते. पुष्कळ जणी ही कड खालून कापून सरळ करतात, पण खरा उपाय वर असतो. पुढच्या चोळीची (फ्रॉकच्या कंबरेवरच्या भागाची) कंबररेषा मध्यभागी एक ते दीड सेंटीमीटर खाली गोलाई देऊन बेतली आणि बाजूच्या शिवणीशी ती मूळ रेषेला आणून मिळवली, की घेर आपोआप सरळ बसतो.

गळ्याच्या बाबतीत डोक्याचा विसर पडतो. पाच वर्षांच्या मुलीच्या डोक्याचा घेर ५० सेंटीमीटरच्या आसपास असतो आणि मानेचा त्याच्या निम्म्याहून थोडाच अधिक, म्हणजे मानेला शोभेल असा गळा डोक्यातून जाणारच नाही. मागे पुरेशी लांब चीर, चेन किंवा बटणपट्टी हवी, आणि ती नमुन्यातच धरावी लागते. शिवून झाल्यावर सुचलेली चीर नेहमी ओढूनताणून केलेली दिसते.

मखमल किंवा जरीचे कापड हाती असेल, तर आधी जुन्या चादरीतून निदान चोळीचा भाग कापून, कच्च्या टाक्यांनी जोडून मुलीच्या अंगावर पाहावा. हा वेळ वाया जातो असे मलाही पूर्वी वाटत असे.

कापड बेतण्यापूर्वी आणि बेतताना

सुती कापड न धुता बेतू नये. काही सुती कापडे पहिल्याच धुण्यात मीटरमागे ३ ते ५ सेंटीमीटर आटतात, आणि बाहेरचे कापड आटले व कृत्रिम धाग्याचे अस्तर तसेच राहिले, तर कडेखालून अस्तर डोकावते आणि चोळीला सुरकुत्या पडतात. कपडा पुढे ज्या रीतीने धुतला जाणार आहे, त्याच रीतीने कापड आधी धुवावे. गडद आणि पांढरा रंग शेजारी येणार असेल, तर ओले पांढरे फडके गडद कापडावर दाबून घासावे. रंग फडक्यावर उतरला, तर पांढऱ्या कॉलरचा विचार सोडून द्यावा किंवा कॉलर सुटी, बटणांनी लावता-काढता येईल अशी करावी.

मखमलीवरून तळहात फिरवला, की एका दिशेने ती गुळगुळीत लागते आणि उलट दिशेने खरखरते, कारण तिची लव एकाच बाजूला झुकलेली असते. लव वरच्या दिशेने जाणारी ठेवली तर रंग गर्द दिसतो, खाली जाणारी ठेवली तर फिका आणि चमकदार. कोणतीही एक दिशा निवडावी, पण सर्व तुकड्यांना तीच ठेवावी. मी आता कापडाच्या उलट्या बाजूला खडूने दर वीतभर अंतरावर बाण काढते, आणि नमुन्याच्या प्रत्येक कागदाचे वरचे टोक त्या बाणाकडे आहे की नाही हे पाहिल्याखेरीज कात्री उचलत नाही. साटीन आणि एकाच दिशेने उभी नक्षी असलेली छापील कापडे यांनाही हाच नियम लागू आहे. अशा बेतणीला कापड अधिक लागते, हे खरेदीच्या वेळीच लक्षात ठेवावे.

दोघी बहिणींना सारखे कपडे शिवायचे असतील, तर दोघींचे कापड एकाच वेळी, एकाच ठाणातून घ्यावे, कारण त्याच नावाचा रंग दुसऱ्या खेपेला किंचित वेगळा निघू शकतो. थोरलीचा नमुना सर्व बाजूंनी सारखाच आत घेऊन धाकटीचा करणे ही मात्र हमखास फसणारी युक्ती आहे. धाकटीचे डोके आणि पोट तिच्या उंचीच्या मानाने मोठे असते, म्हणून तिचे माप स्वतंत्रच घ्यावे. नक्षीच्या आकाराचाही विचार करावा. थोरलीच्या घेरावर खुलणारे वीतभर फूल धाकटीच्या चोळीवर अर्धेच उरते.

एकपदरी कापडावर बेतताना दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतात, हा अनुभव बहुतेकींना एकदा तरी येतो. पहिली बाही कापली की कागद पालथा घालून दुसरी कापावी आणि बाहीच्या मागच्या बाजूला दोन, पुढच्या बाजूला एक अशी खूण लगेच करावी.

घेर: एका सेंटीमीटरची गंमत

मुलींना गिरकी घेतल्यावर फुलणारा गोल घेर हवा असतो आणि त्याचे गणित सोपे असूनही त्यात सर्वांत जास्त चुका होतात. कंबर ५४ सेंटीमीटर असेल, तर तिला ६.२८ ने भागून त्रिज्या ८.६ सेंटीमीटर येते. ही त्रिज्या शिवणीच्या रेषेची आहे, कात्रीच्या रेषेची नाही. शिवणीसाठी एक सेंटीमीटर माया (शिवणीबाहेर सोडलेले जादा कापड) ठेवायची असेल, तर ७.६ सेंटीमीटरवर कापावे लागते. कोणी ८.६ वरच कापले, तर शिवण ९.६ वर पडते आणि कंबर ६० सेंटीमीटर होते. एका सेंटीमीटरच्या विसराने सहा सेंटीमीटर कापड वाढते. हे आधीच घडले असेल, तर वाढलेला भाग मागच्या बाजूला, चेनीच्या दोन्ही अंगांना बारीक चुण्या घालून सामावून घ्यावा. तिथे तो मुद्दाम केल्यासारखा दिसतो.

गोल घेराचा काही भाग उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरका, येतो आणि तो स्वतःच्या वजनाने लोंबतो. म्हणून घेर चोळीला जोडल्यावर निदान एक दिवस तसाच टांगून ठेवावा, आणि मगच जमिनीपासून सर्वत्र सारखे अंतर मोजून कड सारखी करावी. लगेच कड दुमडली, तर चार दिवसांत ती नागमोडी होते.

चुण्यांच्या घेराला कंबरेच्या दुप्पट कापड पुरते, मलमलीसारख्या पातळ कापडाला तिप्पटही चालते. चुण्या एकाच ठिकाणी गोळा होतात, कारण धावदोरा एकच घातलेला असतो. ४ मिलिमीटर लांबीच्या टाक्याच्या दोन समांतर ओळी मायेच्या आत घालाव्यात, घेर आणि कंबर यांचे चार-चार सारखे भाग करून खुणा जुळवाव्यात, आणि मग फक्त बॉबिनचे, म्हणजे खालचे, दोरे ओढावेत. जाड मखमलीच्या चुण्या मात्र कंबर फुगवतात. तिथे चपट्या घड्या बऱ्या.

टोचणारा कपडा कितीही सुंदर असला तरी

धाकटीने एकदा जाळीचा झगमगीत फ्रॉक अर्ध्या तासात काढून टाकला आणि पुन्हा अंगाला लावू दिला नाही. उलटून पाहिल्यावर कारण बोटाला लागले: मुंढ्याच्या (बाही जोडतो त्या जागेच्या) शिवणीत कापलेल्या जाळीची टोके उघडीच होती आणि काखेतली नाजूक त्वचा त्यांनी लाल झाली होती. जाळी, ऑर्गंझा, टिकल्या आणि जर यांच्या कडा त्वचेला लागणारच नाहीत अशी रचना करावी. मऊ सुती अस्तर चोळीला पूर्ण लावावे आणि खांदा, मुंढा व कंबर यांच्या शिवणी बाहेरचे कापड व अस्तर यांच्यामध्ये बंद कराव्यात. अस्तर नसेल तिथे मुंढ्याला सुती उरेब पट्टी लावावी. घेर फुगवण्यासाठी आत जाळी हवी असेल, तर ती थेट कंबरेत न जोडता अस्तराच्या घेरावर कंबरेखाली ८ ते १० सेंटीमीटरवर जोडावी. कंबर जाड होत नाही आणि बसताना पोटाला काचत नाही. जाळीच्याही आत, पायांशी, अस्तराचा एक पदर हवाच.

चेनीच्या आत दोन बोटे रुंदीची कापडी पट्टी आणि वरच्या टोकाला चेनीचे तोंड झाकणारी घडी लावली, की पाठीची कातडी चेनीत अडकत नाही.

गळ्याशी गाठ मारायच्या नाड्या आणि लोंबते गोंडे दिसायला गोड असले तरी मुळीच लावू नयेत, कारण खेळताना ते घसरगुंडीत किंवा दारात अडकले तर गळा आवळला जातो. तयार कपड्यांसाठीचे ईएन १४६८२ हे युरोपीय मानक सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत गळ्याशी आणि टोपीला नाड्या लावू देत नाही. घरच्या शिवणालाही तोच नियम लावावा. तीन वर्षांखालील मुलीच्या कपड्यावर सुटे मणी नकोत, आणि बटणाखाली आतून कापडाचा छोटा तुकडा ठेवून ते पक्के टाकावे. दिवे किंवा मेणबत्त्या जवळ असणार असतील, तर रुंद, लोंबत्या बाह्या आणि कृत्रिम जाळीचे पसरट घेर त्या दिवशी टाळलेले बरे.

मशीन रुसले की

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला, की दोष बॉबिनला दिला जातो, पण बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते. कापड दाबून धरणारे प्रेशर फूट खाली असताना दोरा ओवला, तर ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात बसतच नाही. दोरा पूर्ण काढावा, फूट वर उचलावे आणि पहिल्यापासून ओवावे; ताणाचा स्क्रू त्याआधी फिरवू नये.

टाके सुटत असतील तर सुई बदलावी. बोथट, किंचित वाकलेली किंवा पूर्ण वर न बसवलेली सुई टाके सोडते. साटीन आणि ऑर्गंझाला ९ किंवा ११ क्रमांकाची, मध्यम सुती कापडाला १४ क्रमांकाची सुई लागते, आणि ताणणाऱ्या होजियरीला गोल टोकाची. साटीनला शिवणीच्या बाजूने आकसल्यासारख्या सुरकुत्या पडल्या, तर बारीक सुई लावून वरचा ताण थोडा सैल करावा आणि दोन्ही हातांनी कापड पुढे-मागे हलके धरून ठेवावे. साटीनवर टाचणीचे छिद्र कायम राहते, त्यामुळे टाचण्या मायेतच लावाव्यात.

मखमलीचे दोन पदर मशीनखाली एकमेकांवरून सरकतात आणि शेवटी एक तुकडा लांब उरतो. हाताने कच्च्या टाक्यांच्या दोन ओळी घालूनच ती शिवावी. इस्त्री सुलट्या बाजूने कधीच करू नये. जाड टॉवेलवर मखमल पालथी ठेवून, उलट्या बाजूने, न दाबता फक्त वाफ द्यावी. चपटी झालेली लव वाफेने थोडी उठते, पूर्ववत होईलच असे नाही.

उंची आणि पुढचे वर्ष

दोन वर्षांनंतर मुली साधारणपणे वर्षाला ५ ते ६ सेंटीमीटर वाढतात, म्हणून चुण्यांच्या घेराला खाली ६ ते ७ सेंटीमीटरची दुमड ठेवावी. गोल घेराला ही युक्ती लागू पडत नाही, कारण त्याची बाहेरची कड आतल्या भागापेक्षा लांब असते आणि रुंद दुमड मुडपते. तिथे बारीकच दुमड घ्यावी. मखमल आणि साटीनवर उसवलेल्या दुमडीची रेघ राहते, ती पुढे रेशमी फितीने झाकावी लागेल. मात्र पुढच्या वर्षी चालावा म्हणून आताच घोट्याखाली लोंबणारा झगा शिवणे धोक्याचे आहे. पूर्ण लांबीची कडही जमिनीपासून ३ ते ४ सेंटीमीटर वर असावी आणि ते माप त्या दिवशीचे बूट घालूनच घ्यावे.

शेवटची रात्र

शेवटच्या रात्री काज करायला घेऊ नयेत. सणाच्या निदान तीन दिवस आधी कपडा अंगावर घालून पाहावा, आणि तो नुसता उभा राहून पाहू नये. मुलीला दोन्ही हात वर करायला, मांडी घालून बसायला, उकिडवे बसायला आणि जिना चढायला सांगावे. हात वर करताच सगळी चोळी वर सरकत असेल, तर मुंढा फार खोल कापला गेला आहे. काखेत कापडाचा चौकोनी तुकडा जोडून ते बरेचसे सावरता येते. जिना चढताना पाय कडेवर पडत असेल, तर कंबरेजवळ, अस्तराच्या आत एक आडवी घडी घालून उंची कमी करावी.

छातीत किंवा कंबरेत कपडा आवळतच असेल, तर चेन उसवत बसू नये. काखेपासून कंबरेपर्यंत दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून त्याच कापडाची ३ सेंटीमीटर रुंदीची पट्टी, मायेचे कापड वेगळे धरून, प्रत्येक बाजूला जोडावी. एकूण ६ सेंटीमीटर सैल मिळते आणि हात खाली असताना पट्ट्या दिसतही नाहीत. यासाठी उरलेली कात्रणे हाताशी असावी लागतात, त्यातही मखमलीची तर बाण काढलेलीच, म्हणजे पट्टीची लव चोळीच्या लवेशी जुळवता येते.