व्हेंटिलेटर साधा असो वा स्वयंचलित, या चुका टाळा

स्वयंचलित मोड आल्यापासून नवशिक्या डॉक्टरांचा असा समज झालेला दिसतो की फुफ्फुसे सांभाळण्याचे काम आता मशीनचे आहे. साध्या व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात जाणारी हवा) आणि रेट (मिनिटाला किती श्वास) आपण ठरवतो. स्वयंचलित मोडमध्ये फुफ्फुसांचा ताठरपणा व श्वासमार्गातील अडथळा मोजून मशीन ते स्वतः बदलत राहते. मात्र हे सारे गणित रुग्णाच्या ज्या उंचीवर उभे असते, ती माणूसच भरतो, आणि मी पाहिलेले निम्मे घोटाळे तिथेच झाले आहेत.

वजन वाढले म्हणून फुफ्फुसे मोठी होत नाहीत. त्यांचा आकार उंची व लिंग यांवरून ठरतो. म्हणूनच स्त्रीसाठी 45.5 आणि पुरुषासाठी 50 मध्ये, 152.4 सेंमीच्या वरच्या प्रत्येक सेंटीमीटरला 0.91 मिळवून (उंची कमी असेल तर वजा करून) किलोत अपेक्षित वजन काढतात आणि एआरडीएसमध्ये (फुफ्फुसांना सूज येऊन श्वास अपुरा पडण्याच्या गंभीर आजारात) त्याच्या किलोमागे साधारण 6 मि.ली. श्वास देतात. एका रात्रपाळीत 150 सेंमी उंचीच्या बाईंना शेजारच्या खाटेवरचे मशीन लावले गेले आणि घाईत 'मागील रुग्ण' हा पर्याय दाबला गेला. मागील रुग्ण 175 सेंमीचा पुरुष होता. बाईंचे अपेक्षित वजन 43 किलो, मशीनच्या लेखी ते 70. त्यामुळे मिनिटाला 4.3 लिटरऐवजी 7 लिटरचे लक्ष्य ठरले आणि मशीनने ते चोख गाठले. अलार्म वाजला नाही, कारण मशीनच्या दृष्टीने काहीच चुकले नव्हते. सकाळी मी पाहिले तेव्हा प्रत्येक श्वास 400 मि.ली.चा, म्हणजे किलोमागे नऊहून अधिक होता आणि प्लॅटो प्रेशर (श्वास भरून क्षणभर थांबवल्यावरचा फुफ्फुसांतला दाब) 32 होते. किलोमागे 12 ऐवजी 6 मि.ली. दिल्याने मृत्यूचे प्रमाण 39.8 वरून 31 टक्क्यांवर आले, हे 2000 सालच्या एआरडीएस नेटवर्कच्या अभ्यासातून कळून इतकी वर्षे झाल्यावरही हे घडते, याचा मला राग येतो. तेव्हापासून माझ्या खिशात मोजपट्टी असते. रुग्णाला सरळ झोपवून मी डोक्यापासून टाचेपर्यंत स्वतः मोजतो आणि 6 मि.ली.चा आकडा चिकटपट्टीवर लिहून मशीनच्या कपाळावर डकवतो. अंदाजाने सांगितलेली उंची मी मानत नाही.

दुसरी चूक म्हणजे कॅप्नोग्राफवर, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रावर, आंधळा विश्वास ठेवणे. एआरडीएसमध्ये मृत अवकाश (हवा जाते पण रक्ताशी वायूंची देवाणघेवाण होत नाही असा भाग) वाढतो आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड रक्तातल्यापेक्षा बराच कमी दिसतो. तो आकडा पाहून चालणारा मोड मग श्वास कमी करतो आणि रक्तात मात्र वायू साठत जातो. मोड सुरू केल्यावर अर्ध्या तासाने एबीजी (धमनीतल्या रक्तातील वायूंची तपासणी) करून दोन्हींतला फरक पाहावा आणि त्यानुसार लक्ष्य बदलावे.

एबीजी सुंदर दिसावी म्हणून मिनिट व्हॉल्यूम (मिनिटाला जाणारी एकूण हवा) वाढवत बसू नये. पीएच (रक्ताची आम्लता) झेपत असेल तर थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड चालतो. प्रेशर कंट्रोलमध्ये, म्हणजे हवेऐवजी दाब आपण ठरवतो त्या मोडमध्ये, फुफ्फुसे सुधारू लागली की टायडल व्हॉल्यूम हळूच वर चढतो, तेव्हा प्रेशर उतरवावे. नळीत साचलेले पाणी हलले की मशीनला तो रुग्णाचा श्वास वाटतो; ट्रिगरशी (रुग्णाचा श्वास ओळखण्याच्या सेटिंगशी) खेळण्याआधी पाणी काढावे.

ऑक्सिजन अचानक घसरला तर पडद्याकडे नव्हे, आधी छातीकडे पाहावे: दोन्ही बाजू हलतात का, श्वासनलिकेतली ट्यूब जागेवर आहे का, सक्शन कॅथेटर (कफ ओढण्याची बारीक नळी) तिच्यातून आत जातो का. पीप (उच्छ्वासाच्या शेवटी फुफ्फुसांत राखलेला दाब) जास्त असलेल्या रुग्णाची मशीनकडची नळी ट्यूबपासून काढावीच लागली, तर आधी ट्यूबला क्लॅम्प लावावा.