वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना बोलतं कसं करायचं

पहिली गोष्ट, हॉलमध्ये सगळ्यांना गोल बसवून टाळ्या वाजवायला लावणं म्हणजे ॲक्टिव्हिटी नाही, अर्धे जण पेंगतात. त्यापेक्षा हातात काम द्या. आमच्याकडे एक आजी महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या, कुणीतरी मेथीची जुडी पुढ्यात ठेवली तर उठून बसल्या आणि "अगं, देठ किती ठेवलेस" म्हणून मावशींनाच ओरडल्या! मटार सोलणं, वाती वळणं, पेपर मोठ्याने वाचणं, पत्ते, काहीही चालेल, पण रोज त्याच वेळेला आणि तीन-चार जणांतच. आधी कानाचं मशीन चालू आहे ना बघा, ऐकूच येत नसेल तर माणूस गप्पच बसणार. नको म्हणाले तर ओढू नका, शेजारी नुसतं बसा.

आणि जेवण-झोप बिघडलीय, कशातच मन नाही असं दोन आठवडे चाललं तर "वय झालं" म्हणून सोडू नका, डॉक्टरला दाखवा, १५ प्रश्नांची जीडीएस टेस्ट (म्हातारपणातलं डिप्रेशन ओळखायची) असते, हो-नाही उत्तरं, ५ च्या वर स्कोअर गेला की नीट तपासणी करतात. थायरॉईड आणि बी१२ पण बघून घ्या. मरणाची भाषा आली तर थांबायचंच नाही, त्याच दिवशी डॉक्टर, शिवाय टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.